गोठलेल्या गवतावरची पावलं

खेळ म्हणावा तर काय, एक चेंडू आणि एक भोक. पण तो चेंडू त्या भोकात घालायला ज्यांना टेकड्या, तळी, झाडी आणि नजर पोचणार नाही एवढी जमीन लागते, अशा लोकांच्या मैदानावर त्याने हेडमाळी म्हणून उभी हयात काढली. गोल्फची काठी त्याने कधी हातात धरली नाही. "ज्यांना कामधंदा नाही त्यांनी चेंडूमागे चालावं," असं तो म्हणायचा. ज्यांच्या जिवावर आपला कामधंदा चाललाय त्यांच्याबद्दलच आपण हे बोलतोय, हे त्याच्या गावीही नसायचं.

मेंबरांना तो ‘ढेकळे’ म्हणायचा, कारण काठी फिरवली की चेंडू जागच्या जागी आणि मातीचं ढेकूळ मात्र लांब. म्हणायचा मनातल्या मनात, पण ऐकू जाईल अशा बेताने. त्याच्या तुच्छतेत पायऱ्या होत्या. मेंबर अडाणी म्हणून पहिल्या पायरीवर. त्यांच्यातूनच निवडलेली कमिटी त्याखाली, कारण अडाणी असून ठराव करणारी. त्याखाली सेक्रेटरी, जो काचेच्या खिडकीमागे हीटरजवळ बसून मैदान चालवायचा, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायचा. त्याखाली हाताखालची माणसं. आणि अगदी तळाशी, जिथे पायरी संपते आणि जमीन लागते तिथे, त्याचा मेहुणा.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हापासून बहिणीनेच त्याला वाढवलं. अंगाने थोराड, बोलायला सावकाश, चालताना डुलायचा आणि पावलं आत वळवून टाकायचा. "याला कुठेतरी चिकटवा," असं बायकोने लग्नानंतर एकदाच म्हटलं होतं आणि हेडमाळ्याने चिकटवला होता. तो उपकार मग त्याने आयुष्यभर रोज थोडा थोडा वसूल केला. फावडं वाकडं धरलं तरी "बहिणीचा लाडका" आणि सरळ धरलं तरी "आज सूर्य कुठे उगवला?" यंत्रांच्या शेडवर एक खोली होती, तिथे मेहुणा एकटा राहायचा. इतर माणसांना तो आवडायचा. का आवडतो, हे हेडमाळ्याला कधी कळलं नाही आणि कळून घ्यावंसं वाटलंही नाही.

हिवाळा हा हेडमाळ्याचा ऋतू. उन्हाळ्यात मैदान मेंबरांचं असतं, हिवाळ्यात ते त्याचं व्हायचं. थंडी पडली की ढेकळे घरात बसत आणि खरं काम सुरू होई. वाळूच्या खड्ड्यांच्या ढासळलेल्या कडा कापून त्यावर गवताच्या लाद्या नव्याने बसवायच्या. जिथे पाणी साचतं तिथे चर खणून पाइप घालायचे. ज्या झाडांनी ऊन अडवलंय त्यांच्या फांद्या उतरवायच्या. पोकळ दात्यांचं यंत्र फिरवून जमिनीतून मातीच्या कांड्या उपटायच्या, म्हणजे मुळांना हवा लागते, आणि त्या भोकांत वाळू भरायची. माणसं चिखलात गुडघ्यावर बसून हे सगळं करत. हेडमाळी उभा राहून ते चुकीचं कसं चाललंय हे सांगत असे. खोटं कशाला बोला, त्याला काम येत होतं. ते येत होतं म्हणूनच तो इतका असह्य झाला होता.

त्याची खरी सत्ता होती ती एका पाटीत. भोकाभोवती जी बारीक कापलेल्या गवताची मऊ जागा असते, तिला ग्रीन म्हणतात. त्या ग्रीनचं गवत मोठं नाजूक. रात्री दंव पडून सकाळी ते गोठलं की गवताची पात काचेसारखी होते. तिच्यावर पाय पडला तर ती आतून फुटते. त्या दिवशी काहीही दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी मात्र जिथे पाऊल पडलं असेल तिथे अख्खं पाऊल काळं होऊन वर येतं, टाच, तळवा, सगळं. नवीन माणूस कामावर आला की हेडमाळी त्याला हे शिकवायचा आणि शेवटी म्हणायचा, "गवत चुगली करतं. फक्त उशिरा करतं."

म्हणून थंडीत तो सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा, पहिल्या ग्रीनच्या काठाशी गुडघा टेकायचा आणि गवतावर तळहात ठेवायचा. गवत करकरलं की पाटी बाहेर. शेडमध्ये अशा ढीगभर करून ठेवलेल्या, काळ्या रंगाने, त्याच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलेल्या: ‘बंद. पाय ठेवू नये.’ कोणी मेंबर गाडी काढून, टोपी घालून आला आणि "किती वेळ बंद?" असं विचारू लागला, तर हेडमाळी पाटीकडे बोट दाखवायचा आणि पाठ फिरवायचा. पाटीवर असतं तेवढंच उत्तर. माणसं त्याच्या पाठीमागे त्याला ‘पाटीवाले’ म्हणत, आणि हे त्याला सोडून सर्वांना माहीत होतं.

त्याचा डावा पाय जरा फाकलेला होता. तरुणपणी रोलर अंगावर आला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं ते वळलंच. चालताना डाव्या टाचेवर जोर यायचा आणि ती जमिनीत घासली जायची. पण "तुम्ही लंगडता का?" असं एका मेंबरीणबाईने एकदा काळजीने विचारलं, तेव्हा "मी सरळ चालतो, तुम्ही वाकडं बघताय," असं उत्तर मिळालं होतं. त्यानंतर त्याच्या पायाबद्दल बोलायचं नाही, असा सगळ्यांनी कानाला खडा लावून घेतला.

घरी त्याचा प्रवेश मागच्या दाराने होई, थेट स्वयंपाकघरात, बुटांसकट. दारापासून नळापर्यंत हात धुवायला, नळापासून खुर्चीपर्यंत बसायला. त्याची बायको फिक्या रंगाच्या फरशीवरची ती चिखलाची पावलं रोज पुसायची. सुरुवातीला ती म्हणायची, "बूट बाहेर काढा की." तो म्हणायचा, "माझ्या मैदानाची माती तुझ्या फरशीपेक्षा स्वच्छ आहे." मग तिने म्हणणं सोडलं आणि पुसणं चालू ठेवलं. जो माणूस दुसऱ्याच्या पायाखाली गवताची पात येऊ देत नसे, तो रोज संध्याकाळी नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून असा चालत जाई, आणि यात काही विचित्र आहे असं त्याला कधीही वाटलं नाही.

बायको मैदानावर जात नसे. लग्न नवं असताना ती एकदा कौतुकाने बघायला गेली होती आणि तिचा पाय ग्रीनच्या कडेवर पडला होता. तेव्हा तो चार माणसांत तिच्यावर ओरडला. त्यानंतर फाटकाच्या आत ती आली नाही.

त्या हिवाळ्यात एक मोठं काम होतं. शेवटच्या भोकाचं ग्रीन पूर्ण उखडून नवं बांधलं होतं. खाली खडी, वर वाळू, वर गवताच्या लाद्या, आणि लाद्यांचे सांधे असे जुळवलेले की बोट फिरवूनही कळू नये. सांधे जुळवले होते मेहुण्याने, पण वसंतात ते खेळासाठी उघडेल तेव्हा लोक आपलंच नाव घेतील याबद्दल हेडमाळ्याला शंका नव्हती. कमिटीचा अध्यक्ष मात्र अधूनमधून येऊन सूचना करायचा. एके दुपारी तो आला आणि झेंडा कुठे शोभेल हे बघण्यासाठी त्याने ग्रीनच्या मधोमध लाल फीत बांधलेली एक काठी रोवली. गवत तेव्हा मऊ होतं, नुकसान काही झालं नाही. अध्यक्ष आपल्या कल्पनेवर खूश होऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडमाळी फाटकातून आत शिरला आणि त्याला ती लाल फीत दिसली. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या ग्रीनवर, मला न विचारता, काठी? त्याने रस्ता सोडला. सरळ ग्रीनच्या मध्यापर्यंत गेला, काठी उपटली, गुडघ्यावर आपटून तिचे दोन तुकडे केले आणि आल्या वाटेने परत फिरला. सगळं मैदान पांढरं पडलं होतं. पायाखाली काहीतरी करकरत होतं, पण त्याच्या कानात अध्यक्षाला ऐकवायची वाक्यं चालली होती. मग तो पहिल्या ग्रीनवर गेला, नेमाप्रमाणे गुडघा टेकला, तळहात ठेवला, गवत करकरलं, आणि त्याने पाटी बाहेर लावली.

शेडमध्ये चहाच्या वेळी त्याने ही कथा रंगवून सांगितली. काठी कशी मोडली, ‘कटकन’ कशी वाजली, अध्यक्ष असता तर त्याच्या टाळक्यात कशी घातली असती. दुपारी ट्रॅक्टरवाला उशिरा आला म्हणून त्याच्यासाठी पुन्हा एकदा सांगितली. त्या कथेत राग होता, काठी होती, अध्यक्षाचं टाळकं होतं. फक्त तो तिथपर्यंत चालत गेला हे नव्हतं. माणसाला आपला राग लक्षात राहतो, रागाच्या भरात आपण कुठून चाललो ते राहत नाही.

मग पावलं वर आली.

सकाळी पहिलं ग्रीन बघून तो शेवटच्या ग्रीनपाशी पोचला तेव्हा माणसं आधीच काठावर उभी होती. नव्या कोऱ्या हिरव्या गवतावर रस्त्यापासून मध्यापर्यंत आणि मध्यापासून रस्त्यापर्यंत काळी पावलं उमटली होती. सगळ्यांचे बूट क्लबनेच दिलेले, एकाच ठशाचे, त्यामुळे तळव्याच्या नक्षीवरून काही ठरत नव्हतं. पण डाव्या पायाची बोटं बाहेरच्या बाजूला वळलेली होती, आणि प्रत्येक डाव्या टाचेमागे घासल्याची एक छोटी काळी शेपटी होती. हे आंधळ्यालाही दिसलं असतं. हेडमाळी आंधळा नव्हता. त्याला फक्त तिकडे बघायची गरज वाटली नाही, कारण हे कोणी केलं असेल ते त्याचं आधीच ठरलेलं होतं.

"इथून जवळ कोण राहतं?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मेहुण्याकडे वळला. "शेडवरून रस्त्याला यायला वळसा पडतो, नाही का? तुझ्या बापाचं शेत आहे हे, मधून जायला?"

मेहुणा पावलांकडे बघत होता. मग त्याने हेडमाळ्याच्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाला, "दाजी, तुम्ही नीट बघितलंत का?"

"आता तू मला शिकव."

"शिकवत नाही. बघा म्हणतोय."

"इतकी वर्षं डोक्यावर बसवून घेतला, त्याचं हे फळ. एका गाढवाला सांगितलं असतं तर त्यालाही कळलं असतं, दंव गोठलं की गवतावर जायचं नाही. खोली रिकामी कर."

ट्रॅक्टरवाल्याने घसा खाकरला. हेडमाळ्याने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि खाकरणं तिथेच थांबलं. बाकीचे मूग गिळून उभे राहिले. त्यांना भीती वाटत होती असं कोणी समजू नये. भीती थोडी होती. जास्त होती ती मजा. या माणसाने त्यांना वर्षानुवर्षं मूर्ख म्हटलं होतं, आणि आज तो स्वतःच्या पावलांशेजारी उभा राहून दुसऱ्याला गाढव म्हणत होता. असा योग रोज येत नाही. त्या मजेपायी एका माणसाची नोकरी जातेय हे त्यांना जरा उशिरा टोचलं, आणि टोचलं तरी कोणी तोंड उघडलं नाही. तुच्छतेच्या हाताखाली फार दिवस काम केलं की माणसं अशीच होतात.

सेक्रेटरी मफलर गुंडाळून आला. खिशात हात घालून त्याने पावलं बघितली. मग हेडमाळ्याच्या पायांकडे बघितलं, मग पुन्हा पावलांकडे.

"तुमची खात्री आहे?"

"मला विचारता? गवतातलं तुम्हाला काय कळतं?"

"नाही, मी फक्त विचारलं. नक्की ना?"

"नक्की."

"मग तुमचा माणूस, तुम्ही बघा," असं म्हणून सेक्रेटरी आपल्या हीटरकडे निघून गेला. त्याला कळलं होतं. पण एकाला घालवायचं पाप दुसऱ्याच्या नावावर लागतंय आणि तो दुसरा आपल्याला रोज पाण्यात बघतो, म्हटल्यावर त्याने अधिक त्रास घेतला नाही. असली माणसं सेक्रेटरी होतात, त्याला कारण असतं.

संध्याकाळी हेडमाळी घरी गेला, बुटांसकट नळापर्यंत, नळापासून खुर्चीपर्यंत, आणि बसल्या बसल्या म्हणाला, "तुझ्या भावाला काढला."

बायको पोळ्यांची कणीक मळत होती. तिचे हात थांबले. "का?"

"गोठलेल्या ग्रीनवरून चालला. पावलं उमटलीत काळी. सगळ्यांनी बघितली."

"तो म्हणाला का, मी चाललो म्हणून?"

"तो कसला म्हणतोय? मुखदुर्बळ. चोर कधी म्हणतो का, मी चोर?"

"त्या खोलीतूनही काढलं?"

"मग काय, खोली त्याच्या नावावर करून देऊ?"

तिने कणीक झाकून ठेवली, फडकं घेतलं आणि दारापासून नळापर्यंत, नळापासून खुर्चीपर्यंतची पावलं पुसली. त्या दिवशी तिने ती नेहमीपेक्षा सावकाश पुसली. हेडमाळ्याने पाय वर उचलले, तिला खुर्चीखालचं पुसता यावं म्हणून. एवढी मदत तो करायचा.

दुसऱ्या दिवशी ती भावाचं सामान न्यायला मैदानावर आली. इतक्या वर्षांनी फाटकाच्या आत. शेडखाली मेहुणा वळकटी बांधून उभा होता, शेजारी एक पेटी आणि एक लोखंडी कपाट, आणि ट्रॅक्टरवाल्याने ते न्यायला ट्रॉली जोडून ठेवली होती. तिने भावाकडे बघितलं. तो म्हणाला, "चल ताई." ती म्हणाली, "थांब. मला ती जागा बघू दे."

शेवटच्या ग्रीनवर माणसं गुडघ्यावर बसून काळी झालेली पावलं एकेक करून कापून काढत होती आणि त्या जागी चांगल्या गवताचे तुकडे बसवत होती. हेडमाळी काठावर उभा राहून ते चुकीचं कसं बसतंय हे सांगत होता. बायकोला बघून तो चपापला, मग त्याला वाटलं, बरंच झालं. हिला एकदा डोळ्यांनी दिसू दे.

"ये, बघ," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तुझ्या बंधुराजांचा पराक्रम."

ती काठाशी आली. पाय काठाच्या अलीकडेच ठेवला, ते तिला अजून आठवत होतं. बरीच पावलं अजून कापायची शिल्लक होती. ती वाकली आणि एका पावलाकडे बघत राहिली. मग दुसऱ्याकडे. मग सरळ झाली.

"हे त्याचे पाय नाहीत."

"तुला गवतातलं काय कळतं?"

"गवतातलं काही नाही कळत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पावलातलं कळतं. ही बोटं बघा कशी बाहेर गेलीत. ही टाच बघा, घासलेली. ही शेपटी पुसायला दोनदा फडकं मारावं लागतं, एकदा मारून जात नाही. दारापासून नळापर्यंत आणि नळापासून खुर्चीपर्यंत. लग्न झाल्यापासून रोज पुसतेय मी. माझ्या भावाची पावलं नाहीत ही, तुमची आहेत."

कापणाऱ्याचा सुरा मातीत तसाच राहिला.

"काहीतरी बोलू नकोस," हेडमाळी म्हणाला.

"मग ठेवा पाय."

त्याला वाटलं, ठेवावा आणि हिचं तोंड बंद करावं. त्याने काठाजवळच्या काळ्या पावलावर आपला डावा बूट ठेवला. तो असा बसला की काळं काहीच उरलं नाही, फक्त टाचेमागची छोटी शेपटी तेवढी बाहेर राहिली. मग त्याची नजर ती पावलं जिथे जात होती तिथे गेली, बरोबर मध्यावर, जिथे एक भोक अजून दिसत होतं. काठीचं भोक. लाल फितीच्या काठीचं.

त्याने पाय उचलला. माणसांकडे बघितलं. सगळे आपापल्या हातातल्या गवताकडे बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "काठीची गोष्ट तर तुम्हीच सांगितलीत. मला तर परत एकदा सांगितलीत."

"मग बोलला का नाहीत?"

ट्रॅक्टरवाल्याने खांदे उडवले. "तुम्ही विचारलं कुठे, हेडसाहेब? तुम्ही सांगितलंत."

आयुष्यभर हेडमाळी असं समजत होता की या मैदानावर तुच्छता नावाची जी काही चीज आहे ती आपल्या एकट्याच्या मालकीची. त्या वाकलेल्या डोक्यांकडे बघताना त्याला पहिल्यांदा दिसलं की प्रत्येकाजवळ ती होती, त्याच्याहून जास्त होती, आणि त्यांनी ती जपून ठेवली होती. ती सगळी त्याच्या एकट्यासाठी होती. त्याला लाज वाटली. लाज ही त्याला फारशी सवयीची गोष्ट नव्हती, त्यामुळे ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना. तो सेक्रेटरीच्या ऑफिसाकडे निघाला. डाव्या पायाने घासत, आणि ते घासणं आज त्याचं त्यालाच ऐकू येत होतं.

सेक्रेटरीने हीटरवरून हात काढले नाहीत.

"पावलं माझी आहेत," हेडमाळी म्हणाला.

"हो," सेक्रेटरी म्हणाला.

"तुम्हालाही माहीत होतं."

"मी तुम्हाला दोनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, गवतातलं मला काय कळतं." सेक्रेटरी हसला नाही, पण हसू दाबायला त्याला मेहनत पडली हे दिसलं. "मेहुण्यांची जागा आहे तशी आहे. आम्ही कोणाला पाठवणार नाही बोलवायला. ज्या तोंडाने घालवलंत, त्याच तोंडाने बोलवा. आणि वसंतात ग्रीन उघडेल तेव्हा अध्यक्षांना तुम्हीच सांगा, मध्येच ठिगळं का दिसतात ते."

दिवसभर हेडमाळी झाडीत एकटा फांद्या तोडत राहिला. कोणी त्याच्याकडे गेलं नाही. काय बोलायचं ते त्याने मनात तयार केलं. ‘झालं गेलं विसर.’ ‘चूक कोणाकडून होत नाही?’ ‘उद्या वेळेवर ये.’ प्रत्येक वाक्य त्याला एखाद्या मोठ्या माणसाने लहान माणसावर केलेल्या कृपेसारखं वाटलं, आणि म्हणून आवडलं. खोड अशी एका दिवसात जात नाही.

अंधार पडायच्या आत तो घरी पोचला. सवयीने मागच्या दाराने. दार उघडंच होतं. आत दिवा लागला होता, फरशी नुकती पुसलेली, ओली, आणि तिच्यावर एकही पाऊल नव्हतं. मेहुणा मोजे घालून त्याच्या, म्हणजे हेडमाळ्याच्या, खुर्चीत बसला होता आणि चहात बिस्कीट बुडवत होता. वळकटी कोपऱ्यात उलगडलेली होती. हेडमाळ्याने पाय उचलला आणि तसाच मागे घेतला. उंबऱ्याला टेकवून पाटी ठेवली होती. काळा रंग, ठसठशीत अक्षर. ‘बंद. पाय ठेवू नये.’

"ट्रॅक्टरवाल्याने दिली," बायको चुलीपाशी उभी होती ती तिथूनच म्हणाली. "सामानाबरोबर. म्हणाला, आमच्याकडे खूप आहेत."

तो बाहेर उभा राहिला. गार वारा पाठीला लागत होता. तयार केलेली वाक्यं त्याने आठवून बघितली आणि त्या पाटीसमोर त्यातलं एकही चालेना.

"पावलं माझी होती," तो म्हणाला.

"ते सकाळीच झालं," बायको म्हणाली. "पुढे?"

"उद्यापासून कामावर ये," तो मेहुण्याला म्हणाला.

मेहुण्याने बिस्कीट खाल्लं आणि दुसरं घेतलं.

"तुम्ही पुन्हा सांगताय," बायको म्हणाली. "तो ट्रॅक्टरवाला काय म्हणाला ते ऐकलं ना मी."

चुलीवर काहीतरी शिजत होतं. हेडमाळ्याचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"येशील का?"

हा त्याने मेहुण्याला विचारलेला पहिला प्रश्न असावा. मेहुण्याने कप खाली ठेवला.

"एक सांगा, दाजी. तुम्हाला खरंच वाटलं होतं का, मी त्या गवतावरून गेलो असेन? सांधे मीच बसवलेत त्याचे."

हेडमाळ्याने खोटं बोलायचं ठरवलं असतं तर ते जमलं असतं. पण थंडीने असेल, नाहीतर त्या पाटीने, त्याच्या तोंडून खरं निघालं. "मी काही वाटूनच घेतलं नाही. तुझा विचारच केला नाही."

"हां," मेहुणा म्हणाला. "मलाही तेच वाटलं होतं." थोडं थांबून तो म्हणाला, "येईन. काम मला आवडतं. पण राहीन इथेच, ताईकडे. त्या खोलीत थंडी फार."

"राहा," हेडमाळी म्हणाला.

"तुम्हाला विचारलं नाही, सांगितलं," मेहुणा म्हणाला आणि पुन्हा बिस्किटाकडे वळला.

"आणि बूट तिथेच काढा," बायको म्हणाली.

तो बाहेरच्या पायरीवर बसला. नाड्या दिवसभर भिजून गाठी घट्ट बसल्या होत्या आणि बोटं थंडीने बधिर झाली होती. आत बहीणभाऊ खिडकीच्या फटीत काय कोंबावं म्हणजे वारा येणार नाही, याबद्दल बोलू लागले. त्याने डाव्या पायाची गाठ नखांनी ओढून बघितली, ती सुटेना. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. पाटीवरचं अक्षर मात्र त्याला अंधारातही वाचता येत होतं, ते त्याने स्वतःच काढलं होतं.